खांदमळणी झालेली गाडी

पोळ्याच्या दिवशी कवडूजींच्या अँबेसेडरला पाना लागत नसे. सावरगावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि हसणारेही हसून थकले होते. वडिलांच्या गोठ्यातली शेवटची बैलजोडी गेली आणि गोठा रिकामा झाला. त्याच सुमारास, ज्या जिनिंगच्या मालकाकडे कवडूजी ड्रायव्हर होते, त्याने नवी गाडी घेतली आणि जुनी डिझेल अँबेसेडर कवडूजींच्या पदरात पडली. ती त्या गोठ्यात उभी राहिली. गव्हाणीत पाने-पेचकस आले, खुंट्याला जॅकचा दांडा टेकला. मग पोळाही तिच्याच वाट्याला आला.

गाडी ते घरीच सांभाळत. पांढुर्ण्याहून, तिगावहून जुन्या जीपा आणि फियाट बाळगणारे लोक त्यांना विचारायला येत. कवडूजी हातातलं काम न सोडता सांगत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. आधी बाभळीचा ओंडका सरकवायचा, संत्र्याचं कॅरेट कितीही मजबूत वाटलं तरी नाही. ब्रेकची रबरं डिझेलनं धुवायची नाहीत, फुगतात. ब्रेक ऑइलनंच पुसायची. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावायचं. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते, म्हणून मधून मधून तिला गावाबाहेर फिरवून आणायचं. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं असे. “इंजिन नाही चाललं तं माणूस घरी राहते. ब्रेक नाही लागला तं माणूसच राहत नाही.”

त्या वर्षी सून दामिनी गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सौंसरला व्हायचं होतं. तिथली डॉक्टरीणच तिला सुरुवातीपासून पाहत होती. आठवा महिना लागला तेव्हा तिचे वडील न्यायला आले होते, पण मनकर्णाबाई म्हणाल्या, “पोळा होऊन जाऊ द्या. सणाले सून घरी पायजे.” आणि कवडूजींनी भर घातली, “आमच्या गाडीनंच आणून सोडतो. बसचे हादरे कायले खायचे?”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी. घरोघरी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली जात होती. मनकर्णाबाई वाटी घेऊन गोठ्यात आल्या. बॉनेटला, मग चारी चाकांना त्यांनी बोटं लावली आणि गाडीपुढे वाकून म्हणाल्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

दामिनी दाराशी पोटावर हात ठेवून उभी होती. “मामाजी, तुमच्या बैलाले शिंगं कुठी हायेत?”

“हे दोन आरसे काय हायेत मग?” कवडूजी म्हणाले.

“अन् शेपूट?”

“धूर सोडते तेच शेपूट,” मनकर्णाबाई म्हणाल्या आणि तिघंही हसली.

त्या दोघी आत गेल्यावर कवडूजी सवयीने गाडीत बसले आणि त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. उतरून पाहिलं तर डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल होती. बोट लावून त्यांनी वास घेतला. ब्रेक ऑइल. चाकातलं रबर गेलं होतं. नवं रबर फळीवर ठेवलेलं होतं, काम फार मोठं नव्हतं. त्यांनी पान्याकडे हात नेला आणि तुपाने चकाकणाऱ्या चाकाकडे पाहिलं. आवतन देऊन झालं होतं. खांदे मळल्यावर बैलाला जुंपत नाहीत, त्याच्या अंगाला काठी लावत नाहीत. त्यांच्या वडिलांनी कधी लावली नव्हती.

रोशन, त्यांचा मुलगा, तेवढ्यात अंगणात आला. “काय झालं, बाबा?”

“रबर गेलं. पोळा झाला का मग पाहू. कुठी जायचं हाय आता?”

पोळा चांगला झाला. दुसऱ्या दिवशी गोटमार, दोन गावांची एकमेकांवर दगडफेक करायची जत्रा. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं गेलं आणि सकाळपासून सावरगाव एका काठावर, पांढुर्णा दुसऱ्या काठावर उभं राहिलं. “जाऊ नको बे,” असं आई म्हणत असतानाच रोशन गेला. गोफणीच्या दगडाचा आवाज त्यांच्या अंगणापर्यंत येत होता. कवडूजींनी गोठ्यात ओंडका काढून ठेवला. चहा घेऊन चाक खोलायचं त्यांच्या मनात होतं.

चहा उकळत असतानाच दामिनीने हाक मारली. मनकर्णाबाई धावल्या आणि लगेच बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

“अजी, रक्त जाऊन राहिलं तिचं. पाणी नाही, रक्त.”

कवडूजींनी रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी मोकळी झाली की येते, पण वाट बंद आहे, असं सांगण्यात आलं. नदीपलीकडे पांढुर्ण्याच्या दवाखान्यात जायचा प्रश्नच नव्हता. पुलावर माणसांची भिंत होती. रोशनचा फोन वाजत राहिला. शेजारची घरं रिकामी होती, सगळं गाव काठावर होतं. उरला बागांमधून जाणारा मागचा रस्ता, तो सौंसरच्या सडकेला लागत होता. आणि उरली ही गाडी.

रबर बदलण्याइतका वेळ नव्हता. कवडूजी गाडीखाली शिरले, त्या चाकाला जाणारी नळी त्यांनी सोडवली, तिचं तोंड दुमडून हातोड्याने चेपलं आणि वरून ऑइल भरलं. आता तीन चाकांना तरी ब्रेक लागणार होता. पण नळी सोडवताना आत हवा शिरली होती, आणि हवा असली की ब्रेक नीट धरत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. पेडलवर नेहमी रोशन बसायचा. मनकर्णाबाई दामिनीला धरून होत्या.

“झालं का वो?” आतून आवाज आला.

“झालं,” कवडूजी म्हणाले. पेडल पायाखाली ओल्या कापसासारखं दबत होतं.

दामिनीला मागच्या सीटवर निजवलं, डोकं सासूच्या मांडीवर. डिझेल इंजिन तापवायचा हीटर दाबून त्यांनी ते चालू केलं. म्हातारी गाडी एका फटक्यात सुरू झाली. कवडूजी खालच्या गिअरवर, ब्रेकवर पाय पुन्हा पुन्हा मारत, संत्र्याच्या बागांमधून गाडी हाकू लागले. ब्रेक लागला की गाडी उजवीकडे ओढत होती.

“मामाजी, हळू काहून चालवून राहिले?” दामिनीने विचारलं.

“रस्ता खराब हाय, पोरी.”

ओढ्यावरच्या बुटक्या पुलाकडे, रपट्याकडे, जाणाऱ्या उतारावर वळण होतं. वळणापलीकडून गोटमारीला निघालेली पोरं झेंडा घेऊन, सगळा रस्ता व्यापून, नाचत येत होती. कवडूजींनी हॉर्न दाबला. ढोलापुढे तो ऐकू गेला नाही. पाय मारला, पेडल तळाला टेकलं. पुन्हा मारला. गिअर पाडला, हँडब्रेक ओढला. गाडीचा वेग मोडला, पण ती थांबेना. पोरांच्या अंगावर जाण्याआधी त्यांनी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी बागेच्या बांधावर घातली. डावं चाक नालीत गेलं. मनकर्णाबाई ओरडल्या. दामिनी ओरडली नाही.

पोरांनी ढोल टाकून गाडीला हात लावला, पण ती निघेना. ओंडका, जॅक, सगळं गोठ्यात राहिलं होतं. बऱ्याच वेळाने कॅरेटं भरलेली एक पिकअप आली. पोरांनी अर्धी कॅरेटं रस्त्यावर उतरवली आणि तिच्यात दामिनीला चढवलं.

सौंसरच्या डॉक्टरीणबाईंनी दामिनीला वाचवलं. मुलगी होती. ती रडली नाही.

संध्याकाळी रोशन आला. त्याच्या कपाळाला पट्टी होती; कुणी त्या जखमेविषयी विचारलं नाही. दवाखान्याच्या ओट्यावर तो वडिलांसमोर उभा राहिला.

“बाबा, रबर गेलं हे तुम्हाले मालूम होतं.”

“होतं.”

“लोकाइले सांगता न, ब्रेक पहिले.”

रोशन पुढे बोलला नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. जेवणाच्या ताटावर एखादा शब्द, तेवढाच.

गाडी ओढून आणून गोठ्यात लावली. उभी गाडी लवकर म्हातारी होते हे ज्यांनी गावाला शिकवलं, त्यांनी तिला वर्षभर हात लावला नाही. टायर बसले. उंदरांनी सीट कुरतडली. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मनकर्णाबाई “देऊन टाका” म्हणाल्या, पण कवडूजींनी मान हलवली. विचारायला येणारे लोकही हळूहळू यायचे थांबले. कुणी त्यांना टाकून बोललं नाही. पण ब्रेकची गोष्ट त्यांना विचारायची कशी, हा प्रश्न होता.

पुन्हा खांदमळणी आली. मनकर्णाबाईंनी हळद कालवली नाही.

पोळ्याच्या दिवशी, बैल तोरणाखाली जमत असताना, गोठ्यातून हातोड्याचा आवाज येऊ लागला. सजवलेले बैल घेऊन जाणारे लोक क्षणभर थांबून पुढे गेले. कवडूजींनी गाडी उचलली, ओंडका सरकवला, चाक उतरवलं. गंजलेला ड्रम ठोकून मोकळा केला. सिलेंडर उघडला आणि नवं रबर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवलं. चेपलेली नळी काढून दुसरी जोडली. एवढं झालं आणि हात थांबले. हवा काढायची होती. रोशन अंगणातून गेला. त्याने पाहिलं आणि तो पोळ्यात निघून गेला.

कवडूजी चाकापाशी बसून राहिले. थोड्या वेळाने गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. दामिनी स्टिअरिंगमागे बसली होती.

“दाबू, मामाजी?”

त्यांनी चाकामागच्या नटावर पाना चढवला. “दाब,” ते म्हणाले. “अजून. अजून एकदा. आता धरून ठेव.”

त्यांनी नट सैल केला. ऑइलमधून बुडबुडे आले. नट आवळला, पुन्हा दाबायला सांगितलं. एकेक चाक करत ते चारी चाकं फिरले. शेवटी बुडबुडे संपले, स्वच्छ धार आली. तोरणाखाली कुणीतरी पोळ्याचं गाणं, झडती, म्हणत होतं आणि लोक ओरडत होते.

“झालं. सोड आता, पोरी.”

तिने पाय काढला नाही.

“मागच्या साली एवढाच वेळ लागला असता?”

“हो,” कवडूजी म्हणाले. “एवढाच.”

तेव्हा कुठे तिने पाय उचलला.