आमची वाडी मी कशी विकली

हा किस्सा आमचे भाऊजी सगळ्या वटारभर घरोघरी मीठमसाला लावून सांगत फिरताहेत. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. फजिती माझी झाली, तर निदान ती सांगायचा मान तरी माझा असू द्या.

आमची सून केतकी नातीला, म्हणजे ओवीला, शाळेत पाठवत नाही. घरीच शिकवते. दहा वर्षांची पोर, दप्तर नाही की युनिफॉर्म नाही. तेही मी चालवून घेतलं. पण मग ती ओवीला दर शनिवारी आगाशीला एका क्लबात सोडायला लागली. कसला क्लब? तर व्हिडिओ गेमचा! अशीच घरी शिकणारी सात-आठ मुलं तिथे एका हॉलमध्ये जमतात आणि रोनाल्ड सर नावाचा एक तरुण त्यांच्याकडून गेम खेळून घेतो.

"ह्यातून शिकतात काय?" मी केतकीला विचारलं.

"हिशेब शिकतात, आई. नियोजन शिकतात. चारचौघांत आपलं म्हणणं मांडायचं, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं."

आता मला सांगा, म्हणणं मांडायला आमच्या घरात कोणाला कधी शिकवावं लागलंय? पण मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे काय, लक्ष ठेवायला लागले.

एके दिवशी बघते, तर ओवी वाडीत सुतळी घेऊन फिरतेय. केळीपासून चिकूच्या झाडांपर्यंत मापं घेणं चाललंय. मग विहिरीत डोकावली.

"आजी, आपली विहीर किती खोल आहे गं?"

"तुला कशाला हवंय?"

"रोनाल्ड सरांनी विचारून यायला सांगितलंय. आणि पावसाचं पाणी वाडीतून कुठे जातं, तेही."

वसईत ज्याची वाडी आहे त्याला विचारा, परका माणूस विहिरीची चौकशी कधी करतो ते. आधी विहीर विचारतात, मग रस्ता किती रुंद आहे ते विचारतात, आणि मग एके दिवशी दारात बिल्डरची मोठी गाडी उभी राहते. पण पोरांच्या तोंडून माहिती काढायची म्हणजे हद्दच झाली.

संध्याकाळी ओवी ओटीवर बसून फोनवर बोलत होती. मी दाराआड निवडायला भाजी घेऊन बसले.

"तुम्ही सगळे म्हणताय वाडी विकूया, मी एकटीच नाही म्हणतेय," ओवी सांगत होती. "शनिवारी ठरेल काय ते."

मी बाहेर आले. "कुठली वाडी गं?"

"ते सीक्रेट आहे, आजी. मतदान होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, असं ठरलंय आमचं."

ऐकलंत? दहा वर्षांची पोर आजीपासून जमिनीचे व्यवहार लपवतेय. ह्यांना सांगावं तर ह्यांचं ब्लडप्रेशर. सुनेला विचारावं, तर तीच त्यात सामील नसेल कशावरून? शेवटी मी धाकट्या दिरांना गाठलं. भाऊजींचा आवाज मोठा आणि बिल्डर म्हटलं की तो आणखी चढतो.

"वहिनी, तुम्ही फक्त माणूस दाखवा," ते म्हणाले. "पुढचं मी बघतो."

शनिवारी त्यांच्या स्कूटरवरून आम्ही आगाशी गाठली. हॉलचं दार लोटलेलं होतं. आतून एका पोराचा आवाज आला, "आधी जेसीबी पाठव, केळी काढून टाक, मग पाया खण."

मी दार ढकललं. "कोण आहे इथला बिल्डर? समोर या."

दोन वेण्या घातलेल्या एका चिमुरडीने हात वर केला. "मी आहे. तुम्हाला फ्लॅट पाहिजे का?"

भाऊजींनी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. ओवीने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

रोनाल्ड सरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगितलं. पडद्यावर मुलांनी एक गाव वसवलं होतं. कोणी बिल्डर, कोणी डॉक्टर, कोणी पाणीखातं. मागे त्यांनी गावातली सगळी तळी बुजवली, तर पुढच्या पावसात अख्खं गाव पाण्याखाली. म्हणून खरी वाडी केवढी असते, विहीर किती खोल असते, पाणी कुठून कुठे जातं, ते मुलं आपापल्या घरी मोजून, मोठ्यांना विचारून आली होती. आता तिजोरीत खडखडाट होता आणि गावातली शेवटची वाडी विकायची की नाही, त्यावर मतदान होतं.

एवढ्यावर मी पाणी पिऊन घरी यायचं होतं. पण मी म्हटलं, "गाव असं चालवतात होय? सरका, मी दाखवते."

माऊस माझ्या हातात आला. मी देऊळ बांधलं, चर्च बांधलं, दोन तळी खणली, रस्त्याच्या कडेने सोनचाफा लावला. गाव असं सुंदर दिसायला लागलं, आणि मग दिवे गेले.

"आजी, वीजबिल भरलंच नाही तुम्ही," पाणीखातं म्हणालं.

"आजी, माझं हॉस्पिटल बंद पडतंय," डॉक्टर म्हणाला. "पेशंट घाबरलेत."

लोक गाव सोडून जायला लागले. पडद्यावर जिकडेतिकडे लाल खुणा. आणि मी काय केलं? वाडी विकली. एका बोटाने. केळी गेली, चिकू गेले, टॉवर उभा राहिला, दिवे आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मागून भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, त्या कोपऱ्यात अजून एक बसेल बघा."

ओवीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने रोनाल्ड सरांचा फोन मागून घेतला आणि घरी कळवलं, "आजोबा, आजीने वाडी विकली."

घरी पोचलो तेव्हा हे ओटीवर बसलेले, बाजूला केतकी कानाला फोन लावून माझ्या लेकाला धीर देत होती. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. केतकी हसून लोळायची बाकी राहिली. हे मात्र हसले नाहीत. शांतपणे उठले, वाडीचे कागद असतात त्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली ओवीच्या हातात दिली.

"तुझ्याकडेच ठेव. आजी मागायला आली तर द्यायची नाही."

ओवी अजून देत नाही. परवा त्याच कपाटातली पैठणी काढायची होती, तर लग्न कोणाचं, कुठे आहे आणि मी परत कधी येणार, हे सगळं मी तिच्यासमोर उभी राहून सांगितलं. मग तिने स्वतः कपाट उघडलं, पैठणी माझ्या हातात दिली आणि पुन्हा कुलूप लावून टाकलं.