व्हर्नाचा पत्र्याचा डबा

आमच्या काउंटीच्या रस्ते खात्यात व्हर्ना स्कॉगस्टॅड टायपिस्ट म्हणून लागली, तेव्हा बर्फ काढणारी कोणती गाडी कुठे आहे ते खडूने फळ्यावर लिहीत. पुढे कॉम्प्युटर आले. ते शिकायला साहेबांनी दोन कॉलेजवाल्यांना पाठवलं. ते शिकले आणि जास्त पगारावर निघून गेले. व्हर्ना त्यांची पुस्तकं घरी नेऊन शिकली, ती इथेच राहिली. उत्तर मिनेसोटाच्या या कोपऱ्यातली आमची एकूण एक मशीन तिने उभी केलीय. कौतुक केलं की म्हणते, "वाईट नाही," आणि कॉफी ओतायला उठते.

तिची एक सवय मात्र आम्हाला हसायला पुरायची. आईचा रेसिपींचा पत्र्याचा डबा तिच्या टेबलावर असतो. आमच्याकडे एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात नऊ व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने बनवलेले कॉम्प्युटर, नांदतात. त्यांना हात लावता येत नाही, त्यांना बाहेरच्यांशी जोडणारी नेटवर्क कार्डंसुद्धा नावापुरती. पण नवी मशीन केली की तिच्या कार्डाचा बारा अक्षरी नंबर व्हर्ना पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहिणार आणि डब्यात, सूप-केकच्या रेसिपींमध्ये ठेवणार.

"नसलेल्या कार्डाची चिठ्ठी कशाला गं?" असं विचारणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. गाड्यांशी बोलायला मी तिथे रेडिओवर बसते.

गेल्या जानेवारीत नवा सर्व्हर आला. मशीन हलवायचं काम साहेबांनी शहरातल्या कंत्राटदाराला दिलं. त्याचा माणूस ब्राइस आला, एका दिवसात सगळं उरकून मोकळा झाला. व्हर्नाला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि बर्फ उडायला लागलं. आमच्या अकराही गाड्या बाहेर होत्या आणि त्यांचे ठिपके दाखवणारी मशीन चालू असूनही मुकी. नकाशा कोरा. सात नंबरच्या गाडीवर माझी मुलगी कर्स्टन.

"मॉम, काचेपलीकडे काही म्हणजे काही दिसत नाहीये. मी आहे कुठे?"

"थांब, सांगते."

काय सांगणार, कपाळ? तिच्या ठरलेल्या रस्त्यावर लाकूड वाहणारे ट्रक धावतात आणि रस्त्याला लागूनच तळं. थांबली तर मागून धडक, निघाली तर तळ्यात.

ब्राइस अजून गावातच मुक्कामाला होता, धावत आला. त्याने केबल बदलली, मशीन दोनदा बंद-चालू केली. "सगळी सेटिंग बरोबर आहेत हो!" तो रडकुंडीला आला होता. व्हर्ना खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली.

"काल मशीन नव्या जागी उघडताना तिने विचारलं असेल, हलवली की कॉपी केली?"

"हो. कॉपी म्हणालो. जुनी अजून तिथेच होती, खोटं कशाला बोलू?"

"खरं बोललास आणि फसलास. कॉपी म्हटलं की कार्डाला नवा नंबर मिळतो. आतली सेटिंग जुन्याच नंबराची वाट बघत बसलीत. जुनी मशीन बंद आहे ना?"

"पुसूनच टाकली. आता तो नंबर कुठून आणू?"

"मशीनच्या आत शोधला तर सापडेल. पण तेवढा वेळ कोणाला आहे?"

तिने डबा उघडला. जंगली तांदळाच्या सूपच्या रेसिपीमागून त्या मशीनची चिठ्ठी काढली आणि एकेक अक्षर सावकाश वाचलं. ब्राइसने मशीन बंद करून कार्डाला तो जुना नंबर दिला, पुन्हा चालू केली. मी रेडिओचा माइक मुठीत आवळून उभी.

"मॉम?"

नकाशावर एक ठिपका उमटला. मग चार ठिपके. मग सात नंबरचा.

"कर्स्टन, तू तळ्याच्या वळणावर आहेस! उजवीकडे वळ, तीस पावलांवर पेट्रोल पंपाचं आवार आहे. हळूहळू आत घे."

"घेतली." थोडा वेळ नुसती खरखर. "मॉम, आत्ता ट्रक गेला. मी उभी होते तिथूनच."

मी टेबलावर डोकं ठेवून सगळ्यांसमोर रडले. साहेब दारात उभे होते. ब्राइस हळूच म्हणाला, "व्हर्ना, कोऱ्या चिठ्ठ्या आहेत का अजून? बाकीच्या आठ मशीनचे आत्ताचे नंबर लिहून घेतो आणि तुझ्या चिठ्ठ्यांशी ताडून बघतो."

"खालच्या खणात," व्हर्ना म्हणाली आणि कॉफी ओतायला उठली.

आता ऑफिसात कोणी पाहुणा आला की मी त्याला आधी तो डबा दाखवते. व्हर्ना लाजते. लाजू दे. माझी पोर त्या डब्यातून घरी आलीय.