दहाचा चहा

"हाऊ आर वी टुडे?" सकाळच्या मीटिंगमध्ये ब्रॅड ओरडला.

"ग्रेट!" आम्ही सगळे ओरडलो.

शेजारी उभा असलेला वॉल्टर ओठ न हलवता पुटपुटला, "विचारतो, पण उत्तराला थांबत नाही."

नव्वदच्या दशकाची अखेर. ओमानमध्ये सहमजवळ समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटचं काम चालू होतं. मी तिथे सेफ्टी ऑफिसर. बायको-मुलं मस्कतजवळ अल हैलला, मी आठवडाभर कॅम्पवर. वॉल्टर आमचा ब्रिटिश इंजिनियर, पूर्वी अमेरिका फिरून आलेला. ब्रॅड नवा अमेरिकन साइट मॅनेजर. माणूस दिलदार. पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर हात टाकून त्याने स्वतःला 'सर' म्हणायला मला बंदी केली. वॉल्टरला या सगळ्याचा जाच व्हायचा. ग्लासात पाण्यापेक्षा बर्फ जास्त, ओळख व्हायच्या आत पहिल्या नावाने हाक, आणि झाकणाचा भलामोठा मग घेऊन चालता चालता कॉफी. "हे लोक बसून पीतच नाहीत," तो दुखवट्याला आल्यासारखा सांगायचा.

ब्रॅड यायच्या आधी आमच्याकडे दहाला चहा होई. पोर्टा केबिनमध्ये, बसून. आधी हवापाणी, मग क्रिकेट, आणि दुसऱ्या कपाला कुणीतरी हळूच म्हणायचं, "त्या पंपाचा आवाज काही बरा वाटत नाही." खरं सांगतो, माझी निम्मी सेफ्टी त्या दुसऱ्या कपात होती.

ब्रॅडने तो चहा बंद केला.

"कप घ्या, कामावर प्या. प्रॉब्लेम असेल तर सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोला. कुणी कुणाला खात नाही."

"सर, इथे कुणी सगळ्यांसमोर बोलत नाही," मी म्हणालो.

"ब्रॅड म्हण. शिकतील."

त्याचा हेतू वाईट नव्हता. पण चारचौघांत एखाद्याच्या कामाला नावं ठेवणं ब्रिटिशाला जमत नाही आणि आपल्यालाही नाही. आपण तर साहेब विचारतोय म्हटल्यावर मान डोलावून मोकळे होतो.

त्या दिवशी हायड्रोटेस्ट होती. म्हणजे नवा पाइप पाण्याने भरायचा, दाब हळूहळू वाढवायचा आणि कुठे गळतोय का बघायचं. आदल्या संध्याकाळी वॉल्टरला एका जोडाचे सगळे बोल्ट एकसारखे आवळलेले वाटले नव्हते. ते काम ज्या फोरमनचं, तो मीटिंगमध्ये समोरच उभा होता.

"एनी कन्सर्न्स?" ब्रॅडने विचारलं.

वॉल्टरने बुटांकडे पाहिलं.

"ग्रेट! यल्ला, चला!"

अकराच्या सुमाराला त्याच जोडातलं गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारी चकती, फुटलं. थेंब बघायला राजापूरचा आमचा फिटर सलीम जवळ उभा होता. पाण्याचा फटकारा सरळ तोंडावर बसला. उजवा डोळा गेला.

हॉस्पिटलमध्ये ब्रॅड सलीमचा हात धरून सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. वॉल्टर आत आलाच नाही. कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच बोलला, "दहाला चहा असता, तर सांगितलं असतं." मला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

दुसऱ्या आठवड्यात ब्रॅडने स्वतः चहा पुन्हा सुरू केला. झाकणाचा मग बाजूला ठेवून आमच्यात येऊन बसला. क्रिकेटचं नावही कुणी काढलं नाही.

सलीमला घरी पाठवायचं ठरलं. मस्कतच्या सीब विमानतळावर सोडायला मीच गेलो. बॅग उचलता उचलता तो थांबला.

"सायेब, वॉल्टरसायबाला ठाऊक होता ना? मग बोलला का नाय?"

"दहाच्या चहाला बोलला असता, सलीमभाई."

त्याने उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"मग त्या दिवशी दहा वाजलेच नाय काय?"

त्यानंतर ज्या ज्या साइटवर गेलो, तिथे आधी चहाची वेळ ठरवून घेतली. हेल्मेटं नंतर मोजली.