मेडिकलनंतरच्या फेऱ्या

आमच्या बाबांच्या मते नोकरी लागण्याचा क्रम ठरलेला होता: अर्ज, मुलाखत, मेडिकल, पेढे. ते स्वतः सरकारी खात्यात असेच लागले आणि थेट निवृत्त होऊनच बाहेर पडले. त्यामुळे हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने लेखी परीक्षा, गटचर्चा आणि तांत्रिक मुलाखत झाल्यावर मला मेडिकलला बोलावलं, तेव्हा पुढचं काही त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. छातीचा एक्स-रे काढून मी परत येईपर्यंत बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत घरोघरी पेढे पोहोचले होते.

मी कपाळाला हात लावला. कंपनीच्या लेखी मेडिकल ही मधलीच एक पायरी होती. त्यानंतर मॅनेजरची फेरी, मग त्याच्या मॅनेजरची, मग अमेरिकेतल्या कुणाची तरी फोनवर, आणि शेवटी एचआर. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, ज्याचं रक्त काढून घेतलं त्याला कोणी परत पाठवतं का? आईला वेगळीच काळजी. रक्तात काही निघालं तर नाही ना, एवढंच ती विचारत राहिली.

शेजारी मात्र ‘कधीपासून जायचं?’ असं विचारू लागले. बाबांनी एकाला ‘सोमवारपासून’ असं ठोकून दिलं आणि त्यांचा शब्द खाली पडू नये म्हणून सोमवारी मला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघावं लागलं. हडपसरला मित्राची खोली होती. तो कामावर जायचा, मी तिथे पुढच्या फेरीची तयारी करायचो, डबा खायचो, पंख्याखाली ताणून द्यायचो आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला घरी. दार उघडताना बाबा जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, आज काम फार होतं का? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. न लागलेल्या नोकरीत मी जितका दमलो, तितका पुढे लागलेल्या नोकरीत कधी दमलो नाही.

फेऱ्या लांबतच गेल्या. मॅनेजर रजेवर, त्याचा मॅनेजर परदेशी. अमेरिकेतल्या गृहस्थांनी माझं नाव पुन्हा पुन्हा विचारलं आणि उरलेला वेळ पुण्याच्या हवेवर बोलले. पगार, हुद्दा यांचा विचार मी केव्हाच सोडला होता. बाबांची शोभा होऊ नये, एवढ्यासाठी मला ती नोकरी हवी होती. शेवटी एचआरच्या बाईंनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? इथेच, असं मी म्हणालो. बहुधा याच खुर्चीत, असं मनात म्हणालो.

नकाराचा फोन बाबांनीच घेतला. मला वाटलं, आता कंपनीचा उद्धार होणार. पण त्यांनी शर्ट बदलला, चपला घातल्या आणि मला नुसतं ‘चल’ म्हणाले. तळमजल्यापासून त्यांनी एकेका घराची बेल वाजवली.

"याला नोकरी लागलेली नाही," प्रत्येक दारात ते सांगत होते. "मी घाई केली. चूक माझी आहे, याची नाही."

बाबा स्वतःची चूक कबूल करताहेत हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तेही दारोदार. मला भयंकर वाईट वाटत होतं.

शेवटचं दार एका निवृत्त प्राध्यापकांचं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं," ते म्हणाले. "कॉम्प्युटरवाली पोरं पाचला घरी येत नाहीत."

"म्हणजे सगळ्या इमारतीला माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांना. पण तुम्ही इतके खुशीत होतात, सांगणार कोण?"

बाबांनी माझा दंड धरला आणि आम्ही जिना उतरू लागलो. आमचं दार येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.