आईने ऐकलेलं

आज दुपारी कामावर, संगणकाच्या पडद्यावर सिग्नलचे विखुरलेले ठिपके हळूहळू आपापल्या जागी गोळा होताना पाहिले आणि बाबांची आठवण आली. मोबाइलची लहर इमारतींवर आपटत, अनेक वाटांनी मागेपुढे पोचते. एक अक्षर दुसऱ्यावर चढतं. म्हणून आधी दोन्हीकडे ठाऊक असलेला मजकूर पाठवतात. तो वाटेत कसा बिघडला हे ताडून रिसीव्हर, म्हणजे लहर पकडणारं यंत्र, पुढचा अनोळखी मजकूर सोडवतो. असे रिसीव्हर घडवणं हे माझं काम.

पक्षाघातानंतर बाबांचं बोलणंही असंच एकमेकांत मिसळून गेलं होतं. आई रोज सकाळी त्यांच्याकडून आमची नावं, वारांची नावं म्हणवून घ्यायची. मग दिवसभर ते जे बोलत, ते तिला कळायचं. मला नाही.

एकदा ते बराच वेळ बोलले. आई त्यांचा हात धरून ऐकत राहिली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"पुन्हा दवाखान्यात नेऊ नका म्हणतात."

पुढचा झटका आला तेव्हा आम्ही त्यांना नेलं नाही. ते घरीच गेले.

कामावर रिसीव्हरने लावलेला अर्थ आम्हाला मूळ मजकुराशी पडताळून पाहता येतो. इथे तशी सोय नव्हती. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मी नीट ऐकलं होतं ना रे?"

मला तर त्यातला एक शब्दही कळला नव्हता.

"हो आई," मी म्हणालो.