भामाचा जितेपणीचा फोटो

पनवेलला टपाल नाक्याजवळ माझं काच-फ्रेमचं दुकान होतं आणि त्याला लागून काशीराम घरतचा फोटो स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, पुढे एक बाक, मागे पडदा, आणि पडद्यामागे मोरीची केलेली डार्करूम. तो फोटो काढायचा, मी चौकट करायचो. त्याच्याविषयी लोक अजून काहीबाही बोलतात. बोलणाऱ्यांपैकी एकानेही जिवंतपणी स्वतःसाठी त्याची पायरी चढलेली नव्हती, म्हणून मला हे सांगायचं आहे.

काशीराम खाडीकाठच्या मिठागरवाल्यांचा मुलगा. लढाईच्या काळात मुंबईत एका फोटोवाल्याकडे राहून तो काम शिकला, आणि लढाई संपल्यावर मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या सोल्जराकडून त्याने जुना लायका कॅमेरा घेतला. पंजात मावेल एवढा. त्याला मागे दोन बारीक खिडक्या होत्या. एकीतून पाहिलं की समोरचा माणूस दोनदा दिसायचा, एक ठसठशीत आणि शेजारी एक फिकट. लेन्स फिरवत ते दोन एकमेकांवर आणून बसवायचे, की माणूस साफ आला. मग दुसऱ्या खिडकीतून चौकट बघायची आणि बटण दाबायचं. या खिडक्यांतून दिसतं ते लेन्समधून आलेलं नसतं, हे तो इतक्या प्रेमाने समजावून सांगायचा की ऐकणारा कंटाळून चहा न पिताच उठायचा.

त्याला लग्नं काढायची होती, जत्रा काढायच्या होत्या, डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून ओळीने चालणाऱ्या बाया काढायच्या होत्या. पण पहिलंच बोलावणं आलं ते मयताचं. एका गावचा बडा असामी गेला, जन्मात फोटो काढलेला नाही, आता भिंतीवर लावायचं काय? काशीराम गेला. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं, फेटा बांधला, फोटो निघाला. झालं! तेव्हापासून पार उरणपर्यंतच्या गावांतून त्याला बोलावणी यायची ती मयताचीच. जिवंतपणी ज्या बापाला धड घोंगडी मिळत नसे त्याचा मेल्यावर फोटो पाहिजे, तोही मोठा, सोनेरी चौकटीत. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! एकदा काशीराम भाच्याच्या हळदीला गेला, तर दारातच एका म्हातारीने विचारलं, "कॅमेरा आनलास? कोन गेला रं?" कॅमेरा गोठ्यात ठेवला तेव्हा कुठे त्याला पान वाढलं.

मयताच्या घरी एक रीत पडली होती. कुणी पाडली, देव जाणे. कॅमेऱ्याच्या काचेवर जी टोपी असते ती काशीरामने काढायची नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने पुढे होऊन ती काढायची आणि फोटो झाला की लगेच त्यानेच परत घालायची, म्हणजे गेलेला जीव त्या भोकात शिरून परक्याच्या घरी जात नाही. काशीराम सुरुवातीला या खुळाला हसायचा. पुढे त्याच्याच अंगवळणी पडलं. तो खिडकीला डोळा लावून फोटो जमवायचा आणि म्हणायचा, "उघडा." टोपीला स्वतःचा हात लावल्याला वर्षं लोटली होती.

डोळ्यांचा प्रकार आणखी वेगळा. मेलेल्याचे डोळे मिटलेले, आणि भिंतीवर तर बाप बघत असलेला हवा. मग काशीराम छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशने उघडे डोळे रंगवायचा. चित्रकार तो नव्हे. त्याने डोळ्यांची एकच जोडी गिरवून गिरवून बसवली होती, एका कॅलेंडरवरच्या लक्ष्मीची. खाडीकाठच्या कुठल्याही घरात जा, भिंतीवर आजोबा पिळदार मिशांचे आणि डोळे लक्ष्मीचे. कुणाची तक्रार नाही. उलट काचेला हात लावून रडायचे, "बाबा बगतो हाय." चौकटीला खिळे मारता मारता मी मनात शिव्या घालायचो. काशीरामला नव्हे. ज्यांना आपल्या जन्मदात्याचे डोळे ओळखता येत नव्हते, त्यांना.

हे सगळं जिला सलायचं ती एकच बाई, काशीरामची बायको भामा. उरणकडची, तोंडाने फटकळ. मूलबाळ नव्हतं. फोटो धुवायच्या हायपोच्या वासात तिने भाकऱ्या थापल्या, ओल्या फोटोंच्या दोरीखाली जेवण वाढलं, पण तिचा स्वतःचा फोटो घरात नव्हता. रोलमध्ये एखादा फोटो उरला की काशीराम म्हणायचा, पुढच्या बोलावण्याला लागेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मग तिला खोकला लागला. डॉक्टरने क्षय सांगितला, औषधंही झाली, पण उशीर झाला होता, आणि ते तिलाही कळलं होतं.

एक दिवस ती माझ्या दुकानाच्या फळीला धरून उभी राहिली. "भावजी, तुमच्या दोस्ताला सांगा, माजा फोटू आता काडा म्हनावं. मेल्यावर नको. मना त्या कॅलेंडरचे डोले नको. माजे हायत ते ऱ्हाऊ देत."

मी काशीरामला चांगलंच फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोरा रोल भरला. भामा न्हाली, हिरवं लुगडं नेसली, नथ घातली. परसात ऊन होतं. त्याने तिला बसवून काढलं, उभं करून काढलं, तुळशीपाशी काढलं. अख्खा रोल तिच्यावर घातला. मी दुकानातून ऐकत होतो, दोघं हसत होती. त्या घरात इतकं हसू मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी त्याने माठाच्या गार पाण्यात औषध कालवून रोल धुतला. अंधार पडायच्या आत तो माझ्याकडे आला. हातात ओली फिल्म होती, आणि ती माझ्या कपाटातल्या काचेइतकी स्वच्छ होती. तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं.

"टोपी," तो म्हणाला. "मी काडलीच नाय."

खिडकीतून त्याला सगळं लख्ख दिसत होतं. आतल्या फिल्मवर उजेडाचा कण पडला नव्हता. कुणीतरी पुढे होऊन टोपी काढेल, याची त्याच्या हाताला सवय झालेली, आणि परसात तर दोघंच होती. भामाला बिचारीला काय माहीत? ती त्या टोपीकडेच टक लावून हसत राहिली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याला ही खोड मेलेल्यांनीच लावली होती.

मी म्हटलं, "अरे मग उद्या परत काढ. आहे काय त्यात?"

"तिनं मायेरी निरोप धाडलाय. आमच्यात जितेपनी फोटू निगालेली ती पयली, असा. आता काय सांगू तिला? फोटूवाला टोपी काडायला इसरला?"

"हो, असंच सांग!"

तो नाही सांगू शकला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यापाशी अभिमान धरावा अशी जगात एकच गोष्ट होती, त्याचा तो कॅमेरा. भामाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, झकास आलाय, छापायचा कागद मुंबईहून यायचाय. दोनचार दिवसांनी त्याने बहाणा काढला, की अजून एक काढू, जवळून. भामा अंथरुणावरूनच म्हणाली, "एक हाय ना? कशाला रोल फुकट घालवताव? आता ही हाडं नका काडू. त्यात मी बरी दिसतंय, तोच ऱ्हाऊ दे." खरं बोलल्याशिवाय तिला पुन्हा उठवता येणार नव्हतं. रोज सकाळी तो माझ्याकडे येऊन सांगायचा, आज सांगतो. मी चिडायचो, ओरडायचो. एकदा तर उठलोही की चल, मीच सांगतो. त्याने माझे पाय धरले. कागदाची वाट बघत भामा गेली.

पहाटे तो मला बोलवायला आला. ती गेल्याचा निरोप अजून माहेरी गेला नव्हता. तिला तेच हिरवं लुगडं नेसवलेलं होतं, नाकात नथ. तो म्हणाला, "तिच्या भावाला आता काय दाखवू? ती खोटी पडंल रं." खोटा कोण होता हे मी बोललो नाही. उजाडल्यावर परसात आम्ही तिला खुर्चीत बसवलं, पाठीमागे चादर टांगली आणि चादरीआडून मी तिला दोन्ही खांद्यांना धरून ठेवलं. टोपी काशीरामने आपल्या हाताने काढली. मग फोटो छापून तो ब्रश घेऊन बसला, आणि दोन दिवस उठला नाही.

तेराव्याला भामाचा भाऊ बुधाजी काशीरामबरोबर माझ्या दुकानात आला. मोठं मिठागर असलेला, भारदस्त माणूस. चौकट मीच केली होती. त्याने ती दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली आणि त्याचे डोळे भरून आले.

"हे बगा," तो बरोबरच्या माणसांना म्हणाला. "एवरे फोटू आपल्या घराघरांत हायत, पन ह्याची सर नाय. डोले बगा तिचे! जित्त्या मानसाचा फोटू लगेच कलतो." मग काशीरामच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुमी आमच्या भामाचं सोनं केलंव."

काशीराम म्हणाला, "होय."

मंडळी फोटो कापडात गुंडाळून घेऊन गेली. काशीराम माझ्या दुकानात लाकडाच्या पट्ट्यांवर बसून राहिला. मला त्याचा इतका राग आला होता की चहा विचारावासा वाटेना. मग तोच बोलला.

"कमळाकर, तिचे डोले कसे होते रं? लक्ष्मीचे नाय काडायचे, असं ठरवून बसलो होतो. आठवंनात. शेवटी तेच काडले. त्या दिवशी परसात सगला येल मी तिच्या नथीकडंच बगत होतो. नथ बरोबर जुलली की फोटू साफ येतो ना."

मी रोज दुपारी तिच्या हातचा चहा प्यायलेला माणूस. पुष्कळ आठवून पाहिलं. मला सांगता आलं नाही.