पुढच्या चाकावरची रेघ

आमच्या ह्यांना धक्क्यावर सगळे खडूमास्तर म्हणतात. शिकवायला हे कधी शाळेत गेले नाहीत. शिकायला गेले तेही बेताचंच. पण ह्यांच्या वरच्या खिशात पांढरा खडू कायमचा. कुणीही गाडीचं काम करून दिलं की हे खडू काढणार. चाक जॅकवर उचलायचं, टायरवर एक रेघ, आतल्या शाफ्टवर एक रेघ, मग चाक हाताने फिरवून शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजायचं. मेकॅनिक कुरकुरायचे, विश्वास नाही का म्हणून विचारायचे. हे म्हणायचे, "तुझ्यावर आहे, चाकावर नाही."

ह्यांचा धंदा बोटी ओढायचा. तळ्याकाठी बोटींचं मोठं आवार आहे. बोट पाण्यातून ट्रेलरवर घ्यायची, सिमेंटच्या उतारावरून पिकअपने वर ओढायची आणि शेडमध्ये सोडायची. तिथे तिचा तळ खरवडून रंग देतात. मी बरोबर असते. रोज सकाळी ट्रेलर जोडायचं काम माझंच. हे गाडी मागे घेतात, मी हुक बसवते, पिन घालते, साखळी अडकवते आणि पत्र्यावर दोन थापा मारते. थापा ऐकल्या की हे निघतात. इतक्या वर्षांत एकदाही खाली उतरून ती पिन बघायला आले नाहीत. अख्ख्या जगाला खडू, बायकोला माफ. मला त्याचा भारी तोरा होता.

पुढे आवारात मोठ्या बोटी यायला लागल्या आणि आमची पिकअप उतारावर धापा टाकायला लागली. आवाराच्या मॅनेजरने सरळच सांगितलं, की गाडीचं काहीतरी करा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. नवी गाडी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग एकच उपाय उरला, अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांची जोडी बदलायची. वेगळ्या मापाची जोडी बसवली की तेवढ्याच अंतराला इंजिन जास्त फिरतं. पळ कमी होतो, पण ओढ वाढते. सायकलने चढ चढताना आपण हलका गिअर टाकतो, तसंच.

फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. आमची गाडी गरज पडली तर चारी चाकांनी ओढणारी. एरवी जोर मागच्या चाकांनाच जातो, पण फोर-व्हीलचा दांडा टाकला की पुढची आणि मागची एकत्र बांधली जातात. म्हणून पुढच्या आणि मागच्या, दोन्ही अ‍ॅक्सलच्या जोड्या एकाच मापाच्या लागतात. मापं वेगळी असली तर कोरड्या रस्त्यावर चाकं एकमेकांशी झगडतात आणि मधला गिअरबॉक्स फुटतो. हे मला धंद्यात राहून कळलेलं. ज्याने आमचं काम केलं त्याला तर ते झोपेतही माहीत होतं.

तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. भाऊजींचं गॅरेज या कामासाठीच नावाजलेलं. माणूस बोलका, हसरा. साडू म्हणजे एकाच सासऱ्याने फसवलेली दोन माणसं, हा विनोद ते प्रत्येक भेटीत नव्याने सांगायचे आणि हे प्रत्येक वेळी नव्याने हसायचे.

गाडी तयार झाली तेव्हा आणायला मीही गेले होते. भाऊजींनी मागचं दाखवलं, पुढचं दाखवलं. पुढच्या अ‍ॅक्सलच्या झाकणाभोवती काळंभोर नवं सीलंट होतं, झाकण उघडून परत बसवलं की लावतात ते; अजून वास येत होता. मी ह्यांना म्हटलं, खडू काढा. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवायला बसलेल्या पाहुण्याला ताटावरून उठवलं.

"घरच्या माणसाच्या कामावर रेघ ओढायची? त्याला काय वाटेल?"

भाऊजी शेजारीच हात पुसत उभे होते. पुसून झालेले हात ते पुन्हा पुसत राहिले. मला वाटलं, माझं बोलणं त्यांना लागलं. गाडीत बसल्यावर मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आणि गाडी काय ओढायला लागली म्हणता. जी बोट निघायला अर्धी सकाळ जायची ती चहा निवायच्या आत वर. मॅनेजर खूश, मोठ्या बोटी सगळ्या आमच्याकडे. हे दिसेल त्याला साडूंच्या गॅरेजचा पत्ता द्यायला लागले. भाऊजींचे मधूनमधून फोन यायचे, गाडी एकदा आणून टाका, पुढचं तेल बघतो. कामाची घाई होती. नुसत्या तेलासाठी कोण खाडा करणार? हे उद्या-परवा करत राहिले.

मग तळ्याचं पाणी उतरलं. पाणी उतरलं की उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावरच्या शेवाळात मागची चाकं नुसती गरगरतात. तेव्हा फोर-व्हीलशिवाय बोट हलत नाही.

फोर-व्हील लागणार होतं त्याच्या आदल्या दिवशी ताई सहज म्हणून घरी आली. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते, तीही हात लावायला बसली. बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या गाडीचं ते फोर-व्हील वापरतात का गं कधी?"

मी सांगितलं, की उद्याच लागणार आहे, सगळ्यात मोठी बोट काढायची आहे. ताईने हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. मग जपून करा म्हणाली आणि चहा न घेताच गेली. मला कौतुक वाटलं, बहिणीला आमच्या कामाची किती काळजी.

ती बोट लाकडाची होती. एका म्हाताऱ्या बोटसुताराने एकट्याने बांधलेली. फळीन् फळी त्याच्या हातची, आणि तो स्वतः वर उभा राहून बघत होता. ह्यांनी खाली दांडा टाकला. शेवाळातून गाडी झकास निघाली, कारण घसरत्या जमिनीवर चाकांचं भांडण कळत नाही. वरच्या कोरड्या सिमेंटवर आली मात्र, ठेचकाळायला लागली. मी हात वर करून थांबा म्हणेपर्यंत खालून धाडकन आवाज झाला. गाडी मागे निघाली. ह्यांनी ब्रेक दाबून धरला, पण ट्रेलर आधीच आडवा होऊन उताराच्या कडेच्या भिंतीकडे वळला होता. बोटीची एक बाजू भिंतीवर फुटली.

माणूस कुणी दुखावला नाही. ह्यांचं कपाळ तेवढं फुटलं. म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली वाकून फळ्यांचे तुकडे गोळा करायला लागला. मॅनेजर आला, बोटीकडे बघितलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला.

कपाळाचं रक्त न पुसता ह्यांनी जॅक काढला. पुढचं चाक उचललं, रेघा ओढल्या, मोजलं. मग मागचं. मागे नवं माप होतं. पुढे जुनंच. पुन्हा मोजलं. मग नखाने पुढच्या झाकणाचं सीलंट सोललं. खाली बोल्टांवर जुना रंग जसाच्या तसा. तिथे पाना कधी लागलाच नव्हता.

काम राहिलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण केल्याचं दिसावं म्हणून वरून सीलंट फासलं होतं. याला आमच्यात केसाने गळा कापणं म्हणतात.

भाऊजींनी सगळं कबूल केलं. आमची पुढची जोडी त्यांनी घाईतल्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवली होती. दुसरी आली की गुपचूप आमच्या गाडीत बसवायची, म्हणून ते तेलाचे फोन. पुढचं कोण वापरतंय, असं वाटलं म्हणाले.

हे एवढंच म्हणाले, "सांगितलं असतं तर मी दांडा टाकला नसता."

आईचा फोन आला: आपलेच दात, आपलेच ओठ, गिळून टाका. दात नेहमी त्यांचे आणि ओठ नेहमी आमचे, हा कुठला न्याय? मी तडक ताईकडे गेले. तिने दार उघडलं, आणि तिचा चेहरा पाहूनच मला त्या टॉवेलची आठवण झाली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"म्हणून तर मी विचारायला आले होते."

"विचारलंस. सांगितलं नाहीस."

"नवरा आहे गं माझा," ती म्हणाली.

"आणि उतारावर होता तो माझा."

मी तिच्या घरचं पाणीही न पिता परतले. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. भाऊजींचा मला राग येतो. ताईचं आठवलं की रडू येतं.

गाडी एका अनोळखी गॅरेजात दुरुस्त झाली. ह्यांनी चारी चाकांवर रेघा ओढल्या, मेकॅनिक कुरकुरला, मापं जुळली. आता विटा, जुनं सामान, मिळेल ते ओढतो. निघायच्या पहिल्या सकाळी मी नेहमीसारखा हुक बसवला, पिन घातली, साखळी अडकवली, दोन थापा मारल्या. गाडी हलली नाही. दार उघडलं. हे खाली उतरले, माझ्या बाजूने वाकले आणि पिन हलवून बघितली. साखळी ओढून बघितली. माझ्याकडे न बघता जाऊन बसले.

आता रोज थापा मारल्या की मी स्वतःच दोन पावलं बाजूला होते, त्यांना नीट बघता यावं म्हणून.